पाण्याची ऑफिस कॉपी

३ मार्च

अखेर मत्स्यपालक संस्थेला माणसाची किंमत कळली. आजच्या सभेत एकमताने मला जल-निरीक्षक नेमलं. एकमताने म्हणजे जेवढे जागे होते तेवढ्यांच्या मताने, पण ठरावात तसं लिहीत नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, मासे उचलणारी कंपनी आता प्रत्येक तळ्याच्या पाण्याचा दाखला मागतेय. दाखला म्हटलं की तुमच्याशिवाय आहे कोण?" खरं आहे. सगळी नोकरी मी आवक-जावक विभागात काढली. शिक्क्याशिवाय एक कागद माझ्या हातून सुटला नाही. पाणी काय, कागदापेक्षा पातळ इतकंच.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "पगार?"

मी म्हटलं, "मान."

"बरं. मग येताना मानाचं दूध घेऊन या, घरातलं संपलंय."

हिला सार्वजनिक कामाचं काही नाही.

५ मार्च

मीटर आलं. एक दांडी, एक वायर आणि आकडा दाखवणारी एक चिमुकली खिडकी. दांडी पाण्यात धरली की पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते कळतं. माशांना श्वासाला तोच लागतो. आकडा पाचाच्या वर गेला तर हिरवा शेरा, तिनाच्या खाली आला तर लाल, मधे पिवळा. रंग मी निवडले.

संस्थेतल्या लोकांची अपेक्षा अशी की मी गमबूट घालून तळ्यातळ्यावर हिंडावं आणि काठावर ओणवं होऊन दांडी बुडवावी. मी स्पष्ट सांगितलं. नोकरीत मी कधी कागदामागे धावलो नाही, कागद माझ्या टेबलावर येत असे. पाणीही येईल. शिवाय मीटर नाजूक आहे, भिजलं तर जबाबदार कोण?

तर पद्धत अशी: दर मंगळवारी दुपारी, माझी वामकुक्षी झाल्यावर, प्रत्येकाने आपल्या तळ्याचं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरून आमच्या व्हरांड्यात आणायचं. एक बरणी तपासणीला, दुसरी ऑफिस कॉपी. ऑफिस कॉपीवर चिठ्ठी, तारीख, शिक्का आणि रवानगी फडताळात. उद्या कुणी वाद घातला तर पुरावा हवा.

जिथे लाल शेरा येईल तिथे सोबत एक सूचनापत्रक द्यायचं. ते मी स्वतः तयार केलं. मजकूर मीटरबरोबर आलेल्या पुस्तिकेतला आहे, पण "योग्य ती तजवीज तातडीने करावी" हे माझं.

१० मार्च

पहिली आवक. लाज वाटली. एकेक बरणी म्हणजे हिरवट, गढूळ, कुबट वासाचा काढा. निम्म्या पिवळ्या, बाकीच्या लाल. मी प्रत्येकाला उभं करून सुनावलं. एका सभासदाला सगळे 'पंप' म्हणतात, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायची कळ सापडत नाही. तो "साहेब, तळं म्हटल्यावर पाणी असंच..." असं म्हणत होता. मी म्हटलं, "तळं म्हटल्यावर नाही, तुमचं म्हटल्यावर."

सगळ्यात वाईट म्हणजे आमच्याच तळ्याला लाल. बाबांच्या मागे त्यांच्या तळ्यात मधोमध मातीचा बांध घातला. अलीकडचं अर्धं माझं, पलीकडचं धाकट्या बहिणीचं. माझ्या अर्ध्यातलं खाद्य, जाळी, राखण ही बघते. धोरण मी बघतो. पाणी हिनेच भरून आणलं होतं. निरीक्षकाच्या घरचं पाणी लाल! चारचौघांत मी हिला म्हटलं, "तळ्याचं पाणी सांगितलं होतं, गटाराचं नव्हे." पंप खो खो हसला.

ही काही बोलली नाही, दोन्ही बरण्या ठेवून आत गेली. चूक कळली की माणूस गप्प बसतो.

धाकटीलाही लाल. तिने पत्रक तिथेच उभं राहून वाचून काढलं आणि विचारलं, "दादा, नमुना पहाटे घ्यावा, असं लिहिलंयस. मग दुपारी कशाला मागवलास?"

मी म्हटलं, "पत्रक वाचायचं असतं, त्याची उलटतपासणी करायची नसते."

१७ मार्च

आज मात्र ऊर भरून आला. अध्यक्षांची बरणी! काचेसारखं नितळ पाणी, आणि गार तर इतकं की बरणीला बाहेरून घाम फुटला होता. खोल तळं म्हणजे असं. दांडी घातली, आकडा थेट आठ. मी ती बरणी सगळ्यांसमोर उंच धरली. म्हटलं, "बघा. याला म्हणतात पाणी." विचारलं, आठवडाभरात हे साधलं कसं?

अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, "निगा."

बाकीचे एकमेकांकडे बघत होते. आदर्श समोर असला की माणसं विचारात पडतात.

आमचं मात्र पुन्हा लाल. मी पुन्हा खडसावलं, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर, म्हणजे निरीक्षक घरच्यांनाही सोडत नाही असा संदेश जाईल. "अध्यक्षांच्या बायकोकडे जाऊन शिकून ये कसं भरतात ते," असंही म्हणालो. संध्याकाळी ही म्हणाली, "गेले होते. शिकून आले." इतक्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.

२४ मार्च

जादू म्हणावी तर मी अंधश्रद्धाळू नाही. शिस्त म्हणतो. एक आठवडा, आणि सगळी तळी हिरवी! आमचंसुद्धा! हिने बरणी ठेवली आणि मी वाकून बघतच राहिलो, बरणीच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. पाण्याला एक प्रकारचा धुतल्यासारखा वास येतो, पोहण्याच्या तलावावर येतो तसा. बऱ्याच जणांच्या पाण्याला तोच होता. शुद्धतेचा वास असणार, आपल्याला सवय नाही म्हणून वेगळा वाटतो. आमच्या बरणीच्या झाकणाला आतून चार साखरेचे दाणे चिकटलेले दिसले. हिला विचारलं तर म्हणाली, "मुंग्यांनी टाकले असतील." तळ्याकाठी मुंग्या फार.

अपवाद एकच, धाकटी. तिने सकाळी माझा चहा व्हायच्या आधी दार वाजवलं. हातात काठोकाठ भरलेल्या बरण्या, झाकण घट्ट लावलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

"दादा, आत्ता बघ. रात्रभर मासेही श्वास घेतात आणि पाण्यातलं शेवाळही. पहाटे हवा संपत आलेली असते. तुझ्याच कागदात आहे."

"कागदात आहे हे मान्य. पण म्हणून निरीक्षकाला झोपेतून उठवायचं?"

आकडा दोनाच्या जरासा वर. लाल.

ती म्हणाली, "म्हणजे खाद्य कमी करू? आणि बाहेरचं पाणी सोडू?"

"पत्रकात काय लिहिलंय?"

"तेच."

"मग मला काय विचारतेस?"

गंमत अशी, तळं एकच. मधे हातभर रुंदीचा बांध. अलीकडे आठ, पलीकडे दोन. फरक कशाचा? स्वभावाचा. लहानपणापासून ही पोरगी सांगितलेलं नेमकं वेगळ्या पद्धतीने करते.

७ एप्रिल

कामाचा बोलबाला झालाय. कंपनीचा माणूस येऊन गेला, हिरव्या शेऱ्यांचा तक्ता बघून खूश झाला. अध्यक्षांनी त्याला त्यांच्या तळ्यावर नेलं. संस्थेने पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं एक चक्र घेतलंय, सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचं म्हणून. ते सध्या अध्यक्षांकडे असतं. पाहुणा आला की चालू करतात, कारंज्यासारखं शोभतं. फोटो छान आले.

पंप आज तीन तळ्यांच्या बरण्या एकटाच घेऊन आला. शेजाऱ्यांना वेळ नव्हता म्हणे. तिन्हींचा आकडा दशांश चिन्हापर्यंत सारखा. मी म्हटलं, "शेजारधर्म असावा तर असा." त्याने पहिल्यांदाच एका वाक्यात बोलणं संपवलं.

फडताळ बघण्यासारखं झालंय. खालच्या कप्प्यात सुरुवातीच्या लाल-पिवळ्या शेऱ्यांच्या बरण्या, त्यांतलं पाणी आता काळपट हिरवं झालंय आणि काचेला बुळबुळीत थर धरलाय. वरच्या कप्प्यात नंतरच्या, अजून लख्ख. सुधारणेचा आलेखच म्हणा. फक्त धाकटीच्या बरण्या प्रत्येक कप्प्यात काळ्या. एखाद्या चांगल्या शाळेच्या फोटोत एकच मूल जीभ काढून उभं असावं तसं दिसतं.

१६ एप्रिल

आज पोट बिघडल्याने लवकर उठलो आणि उठलोच आहे तर तळ्यावर चक्कर मारली. काय सांगू! मी काठावर उभा राहिलो आणि आमचे मासे शेकड्यांनी वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडमीट करत, सगळे माझ्याकडे बघत. मुकी जनावरं, पण मालक ओळखतात. मला खरोखर भरून आलं. मी त्यांना म्हटलं, "असू द्या, असू द्या."

धाकटी पलीकडे बांधावर होती. तिचे मासे मात्र दिसेनात, खाली कुठेतरी तोंड लपवून बसलेले. ती ओरडली, "दादा, ते तुला नमस्कार करत नाहीयेत! त्यांना श्वास पुरत नाहीये! थोडे काढून विक, आणि खाद्य थांबव!"

तिच्या माशांनी तिला ओळख दिली नाही, त्याचा राग. मी म्हटलं, "माझा शेरा हिरवा आहे."

"शेरा पाण्यावर तरंगतोय का तुझा?"

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "वन्सं म्हणतात तर एकदा तुम्हीच दांडी घेऊन चला ना तळ्यावर."

मी म्हटलं, "म्हणजे तू भरून आणलेल्या पाण्यावर माझा विश्वास नाही, असं लोकांना दाखवू?"

ही भांडी आवरू लागली. तिच्या सन्मानासाठी मी बोललो, तिच्या लक्षात आलं असावं.

२१ एप्रिल

धाकटीने निम्मे मासे विकून टाकले. अर्धवट वाढलेले! पत्रकात "गर्दी कमी करावी" असं आहे, म्हणून. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा कुणी खरंच तसं करेल असं धरलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तिचं घर त्या अर्ध्या तळ्यावर चालतं, आणि ही बाई मासे लहान असताना जाळं टाकते. शिवाय खाद्य निम्म्यावर आणलंय, दिवसाआड पंप लावून कालव्याचं नवं पाणी आत घेते. (हा पंप म्हणजे यंत्र, सभासद नव्हे.)

सभेत सगळे हसले. मीही हसलो, भाऊ असलो तरी पदावर आहे.

५ मे

सर्व हिरवे. एक लाल. लिहिण्यासारखं काही नाही. आभाळ भरून राहिलंय, ऊन नाही, वाराही नाही. उकाड्याने जीव नकोसा झालाय.

१२ मे

आमचं तळं पांढरं झालं.

पहाटे ही किंचाळली म्हणून धावलो. पाणी दिसत नव्हतं. फक्त पोटं. काठापासून बांधापर्यंत मासेच मासे, उलटे, आणि मधूनच एखादा अजून तोंड उघडणारा. ही कमरेइतक्या पाण्यात उतरून हाताने पाणी मारत होती, जणू तेवढ्याने हवा मिसळणार होती. मी काठावरून म्हणत होतो, "पण हिरवा होता. मागच्या मंगळवारी हिरवा होता."

अध्यक्षांचं तळं गेलं. पंपाचं गेलं. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची, बाकीच्यांचीही गेली. माणसं टोपल्या भरभरून मासे खड्ड्यात टाकत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पंपसुद्धा.

बांधापलीकडे धाकटीचे मासे जिवंत आहेत. ती तिकडचं काम टाकून आमच्याकडे आली आणि हिच्याबरोबर टोपल्या उचलत राहिली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आज आवक झाली नाही. कुणीच बरणी आणली नाही.

१५ मे

तातडीची सभा. विम्याचे लोक येणार आहेत, त्यांना कारण द्यायला हवं. अध्यक्षांनी मांडणी अशी केली: सगळ्या तळ्यांचं पाणी उत्तम होतं, तसा निरीक्षकांचा तक्ता आहे. वाईट पाणी संस्थेत एकाच तळ्यात होतं, तसाही निरीक्षकांचाच तक्ता आहे. म्हणजे रोग तिथून पसरला.

मी म्हटलं, "पण तिचे मासे तर जगले."

"तेच तर!" अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांचे मेले आणि एकटीचे जगले, यातच सगळं आलं."

कुणीतरी विचारलं, पंपाचं तळं तर रस्त्यापलीकडे आहे, तिथे कसं पसरलं? अध्यक्ष म्हणाले, पाझर जमिनीखालून जातो, त्याला रस्ता लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ठरलं असं की मी दाखला लिहायचा: लाल शेऱ्याच्या तळ्यातून दूषित पाणी पाझरल्यामुळे हानी झाली. म्हणजे सगळ्यांना भरपाई, आणि धाकटीचं सभासदत्व रद्द. सभासद नसलं की कंपनी मासे उचलत नाही. तिचे उरलेले मासे जगले काय आणि मेले काय, सारखंच.

अध्यक्षांनी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहीण आहे, कळतं मला. पण तुमचंही तळं गेलंय. आणि शेवटी शेरे तुमचेच आहेत ना, साहेब? मी थोडंच काही म्हणतोय."

शेरे माझेच आहेत.

१६ मे

दाखला लिहायला व्हरांड्यात बसलो. "सविनय" लिहिलं आणि पुढे सुचेना. बसल्या बसल्या फडताळाकडे बघत होतो. धाकटीच्या बरण्यांत आता हिरवे धागे वाढलेत, एकीत तर कसलीतरी अळी वळवळतेय. आमच्या मार्चमधल्या पहिल्या दोन बरण्याही तशाच. आणि नंतरच्या सगळ्या लख्ख, चिठ्ठीचा डिंकसुद्धा काचेतून दिसतोय.

ही तांदूळ निवडत बसली होती. मी सहज विचारलं, "आपल्या या बरण्यांत शेवाळ कसं धरलं नाही गं?"

ही मान वर न करता म्हणाली, "नळाच्या पाण्याला कुठे शेवाळ धरतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मग एकेक करून सगळंच कळत गेलं. बरणीला फुटलेला घाम. तो धुतल्याचा वास. साखर. पंपाचे तीन सारखे आकडे. निगा!

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. हिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"मी दोनदा खरं पाणी आणलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही चारचौघांत माझी लाज काढलीत. अध्यक्षांच्या बायकोकडून शिकून ये म्हणालात. गेले. तिने फ्रिज उघडून दाखवला. म्हणाली, अगं, साहेबांना रंग हवाय, पाणी नकोय."

"मला एका शब्दाने सांगायचंस!"

"मासे वर आले तेव्हा सांगितलं. दांडी घेऊन चला म्हणाले. माझंही चुकलं, मला काय वाटलं, तुमचं समाधान होतंय, घरात शांतता आहे, तळ्याचं मी बघून घेईन. नाही बघता आलं मला." आणि मग ती रडायला लागली. तळं पांढरं झालं त्या दिवशीही रडली नव्हती.

मला स्वतःची इतकी चीड आधी कधी आली नव्हती. दोन महिने मी लोकांच्या स्वयंपाकघरांवर शेरे मारत होतो. आणि सगळ्या संस्थेत माझं पत्रक फक्त एका तळ्याच्या उपयोगी पडलं, जिथे मी लाल शाई वापरली आणि हसलो, त्या.

दाखला तसाच आहे. "सविनय" एवढंच झालंय.

१८ मे

सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

मी वरच्या कप्प्यातल्या बरण्या खोक्यात घालून नेल्या. प्रत्येकाची त्याच्यासमोर मांडली, चिठ्ठी, तारीख, शिक्का. धाकटीची तिच्यासमोर ठेवली. ती कोपऱ्यात बसली होती, आधीच निकाल लागल्यासारखी.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, दाखला?"

मी म्हटलं, "देतो. विम्याच्या लोकांना खात्री पटली पाहिजे की आपलं पाणी उत्तम होतं. आपल्याच मनात शंका असेल तर मी सही कशी करू? ज्याची बरणी हिरव्या शेऱ्याची आहे, त्याने तिच्यातलं घोटभर पाणी पिऊन दाखवावं. मी पहिला."

आमची बरणी उघडून मी तोंडाला लावली. पाणी शिळं होतं, पण चव ओळखीची होती. या चवीचा मी रोज चहा पितो.

मला वाटलं होतं कुणीतरी कचरेल, वास घेईल, निदान कारण सांगेल. छे! अध्यक्षांनी पेला मागवला आणि गटागटा प्यायले. पंप बरणीनेच प्यायला. बाकीचेही प्यायले, एकाने तर मिशा पुसून "गोड आहे" असा दाखलाही दिला. सगळे एकदम मोकळे झाले, हसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "झाली खात्री?"

मी म्हटलं, "झाली. ज्या तळ्यात तुम्ही खाद्य टाकता, शेण टाकता, ज्यात हजारो मासे जगतात आणि हगतात, त्याचं पाणी तुम्ही वाससुद्धा न घेता प्यायलात. एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. याचा अर्थ काय होतो, अध्यक्ष?"

पंपाने बरणी हळूच टेबलाखाली ठेवली.

मग मी धाकटीची बरणी मधोमध सरकवली. हिरवे धागे, अळी, सगळं. "या खोलीत तळ्याचं पाणी एवढंच आहे. हेही कुणी पिऊन दाखवा, मी लगेच सही करतो."

त्या बरणीकडे सगळे असे बघत होते की जणू तीच सभेची अध्यक्ष आहे. शेवटी खरे अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुम्ही इतके दिवस नळाचं पाणी तपासत होतात? निरीक्षक म्हणून तुम्हाला ते कळलंही नाही?"

हे मी आधीच ठरवलं होतं. म्हटलं, "नाही कळलं. मीच नळाचं पाणी मागत होतो. ते लिहून देतो, हवं तर विम्याच्या लोकांनाही देतो. दुसरं काही माझ्याकडून लिहून होणार नाही."

भरपाईचं काय होईल ते सगळ्यांच्या तोंडावर उमटलं. मग जो आरडाओरडा झाला त्यात माझ्या नोकरीचा, अकलेचा आणि वामकुक्षीचा उद्धार झाला. बराचसा रास्त होता.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "अळी असलेली बरणी मुद्दाम निवडलीस ना?"

"हो."

"दादा, तुझ्यात अक्कल आहे रे. फक्त ती टेबलावर आणून द्यावी लागते."

२० मे

सभेचा वृत्तांत घरी आला. निरीक्षक पद रद्द. कारण असं दिलंय: "पाण्याची तपासणी सुरू झाल्यापासूनच मासे मेल्याचे आढळून आले." चक्र अध्यक्षांकडेच राहील. धाकटीचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब, म्हणजे तिचं सभासदत्व राहिलं. कंपनीची गाडी काल तिच्याकडे येऊन गेली. रस्त्यात लोक मला बघून रस्ता ओलांडतात. पंप ओलांडत नाही, उलट थांबून विचारतो, "साहेब, आज कोणत्या नळाला हिरवा?"

मीटर मात्र माझ्याकडेच राहिलं. ते परत मागायचं कुणाला सुचलंच नाही.

२६ मे

धाकटी म्हणाली, तळं उपसून नवं पाणी घेतलंस तरी तळाचा गाळ कुजत राहतो, आठवडाभर रोज बघ, मगच पिल्लं सोड. पिल्लं ती देणार आहे, स्वतःसाठी मागवलेल्यांतली निम्मी. मी नको म्हणायच्या आत हिने हो म्हटलं.

आज पहाटे मी दांडी घेऊन तळ्यावर गेलो. पण माझ्या गुडघ्यांना उतार झेपेना, काठावरच बसलो. ही खाली उतरली, बरणी हातात. अर्ध्यात थांबून मागे वळली.

"कुठलं भरू?"

मी म्हटलं, "खरं."

ती तशीच उभी राहिली. "ओरडणार नाही ना?"

इतक्या वर्षांत तिने मला असं कधी विचारलं नव्हतं. की विचारलं असेल आणि मीच ऐकलं नसेल, कोण जाणे. मी म्हटलं, "नाही."

तिने बरणी खोल बुडवून भरली, झाकण लावलं आणि वर आणून माझ्या हातात दिली. हिरवट, गढूळ, वाईट वास. दांडी घातली. अडीच. लाल.

मी म्हटलं, "छान भरलंयस. अगदी काठोकाठ."